मधमाशीचे शरीर आणि वसाहतीचे वागणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधमाश्यांवर प्रयोग करणारे विद्यार्थी, पेट्या सांभाळणारे मधपाळ आणि निव्वळ कुतूहल असलेले वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे आकडे युरोपीय मधमाशीचे, म्हणजे एपिस मेलिफेराचे आहेत. सातेरी, आग्या किंवा फुलोरी जिथे वेगळी वागते, तिथे तसे सांगितले आहे.

1. अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला किती दिवस लागतात?

राणीला 16, कामकरी माशीला 21 आणि नराला 24. अंड्याची अवस्था तिघांचीही 3 दिवसांची. कामकरी अळीचा कप्पा नवव्या दिवसाच्या सुमारास मेणाने बंद होतो आणि पुढे साधारण 12 दिवस बंदच राहतो. हा 12 चा आकडा लक्षात ठेवा, प्रश्न 12 मध्ये तो लागेल. पेटीतले तापमान घसरले तर हे दिवस लांबतात. सातेरीची कामकरी माशी एक-दोन दिवस आधीच बाहेर येते.

राणी शोधूनही सापडत नसेल तर अंडी शोधा. कप्प्याच्या तळाला एकेक अंडे चिकटलेले दिसले, तर गेल्या तीन दिवसांत राणी पेटीत होती हे नक्की.

2. राणी काढून घेतली, पण नवी राणी सोळाव्याऐवजी बाराव्या दिवशीच बाहेर आली. मोजण्यात चूक झाली का?

नाही. माश्यांनी सुरुवात अंड्यापासून केलेली नसते. राणी नाहीशी झाल्यावर त्या पेटीतच असलेल्या एक-दोन दिवसांच्या अळ्या निवडतात आणि त्यांच्याभोवती राणीची लांबट घरे बांधतात. त्या अळीचे अंड्यातले 3 दिवस आणि अळीपणाचा एखादा दिवस आधीच झालेला असतो. म्हणून 16 मधून 4 वजा होतात. अळी निवडताना वय जितके जास्त, तितकी राणी लवकर येते, पण ती लहान आणि अंडी कमी घालणारी निघण्याची शक्यताही वाढते. तीन दिवसांच्या पुढच्या अळीपासून धड राणी होत नाही.

3. राणी वसाहतीवर राज्य करते का?

हुकूम देत नाही. तिची दोन कामे: अंडी घालणे (भरात असताना दिवसाला दीड ते दोन हजार) आणि आपल्या गंधातून ‘मी आहे’ हे सतत कळवत राहणे. हा गंध प्रामुख्याने जबड्याच्या ग्रंथींतून येतो. त्यातला मुख्य घटक, 9-ओडीए या नावाने ओळखले जाणारे आम्ल, 1960 च्या आसपास ओळखला गेला. 1988 मध्ये कीथ स्लेसर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पाच घटकांचे मिश्रण एकत्र दिले तरच राणीभोवती माश्यांचे कडे जमण्यासारखा पूर्ण प्रतिसाद मिळतो. सुटे घटक फिके पडतात.

हा गंध हवेतून फारसा पसरत नाही. राणीला चाटणाऱ्या आणि मिशांनी चाचपणाऱ्या माश्या तो अंगाअंगाने पुढे नेतात. म्हणून राणी काढल्यावर काही तासांतच पेटीचा आवाज आणि वागणे बदलते, आणि दिवसाभरात राणीची घरे सुरू झालेली दिसतात.

4. रॉयल जेली खाल्ली की अळीची राणी होते, हे खरे ना?

अर्धेच खरे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्याच अळ्यांना दाई माश्यांच्या ग्रंथींतून आलेले जेलीसारखे अन्न मिळते. पुढे कामकरी अळीच्या अन्नात मध आणि पराग येतात. राणीच्या अळीला मात्र शेवटपर्यंत जेलीच मिळते, तीही तिने तरंगावे इतकी. म्हणजे फरक पदार्थाचा आहे, तसाच प्रमाणाचा, साखरेचा आणि काय *मिळत नाही* याचाही आहे.

2008 मध्ये कुचार्स्की आणि सहकाऱ्यांनी डीएनएवर मिथाइल खुणा लावणारे एक विकर अळ्यांमध्ये दाबले. जेलीची वेगळी खुराक न देताही त्यातल्या बऱ्याच अळ्या राणीसारख्या घडल्या. 2011 मध्ये जपानच्या मासाकी कामाकुरा यांनी ‘रॉयलॅक्टिन’ हे एकच प्रथिन राणी घडवते असे मांडले. ही बातमी फार गाजली आणि आजही बाटल्यांच्या जाहिरातींत वापरली जाते. 2016 मध्ये दुसऱ्या गटाने प्रयोग पुन्हा करून ते प्रथिन राणी होण्यासाठी अपरिहार्य नसल्याचे दाखवले. ‘राणी बनवणारा एकच जादुई पदार्थ’ असे वाक्य कुठे वाचलेत तर पुढचा मजकूर सावधपणे वाचा.

5. नराला वडील नसतात म्हणजे नक्की काय?

राणी फलित अंडे घालते तेव्हा मादी होते: 32 गुणसूत्रे, निम्मी आईची, निम्मी बापाची. अफलित अंड्यातून नर होतो: 16 गुणसूत्रे, सगळी आईची. योहान झिएरझोन यांनी हे 1845 मध्येच मांडले होते. नराला बाप नसतो, पण आईकडचे आजोबा असतात.

याला एक अपवाद आहे आणि तोच पेटीत नुकसान करतो. लिंग ठरते ते सीएसडी या जनुकावरून. ते जनुक 2003 मध्ये वेगळे काढण्यात आले. त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या असल्या तर मादी. प्रत एकच असली तर नर. पण राणीचा नात्यातल्या नराशी संयोग झाला आणि दोन प्रती नेमक्या सारख्या जुळल्या, तर फलित अंड्यातूनही नर जन्मतो. असा नर कामाचा नसतो. अळी बाहेर पडल्यावर काही तासांतच कामकरी माश्या तिला खाऊन टाकतात. परिणामी बंद कप्प्यांच्या चादरीत जागोजागी भोके दिसतात. रोगानेही असेच दिसू शकते. पण मेलेल्या अळ्या, वास किंवा चिकट स्राव काहीच नसेल आणि भोके दर खेपेला तितकीच राहत असतील, तर राणी बदला.

6. मग एका पेटीतल्या बहिणी 75 टक्के सारख्या असतात का?

एकाच नराच्या मुली असतील तरच. राणी हवेत साधारण 10 ते 20 नरांशी संयोग करते. वेगळ्या बापांच्या बहिणींमध्ये हे नाते 25 टक्क्यांचे असते. नरांचा वाटा सारखा धरला, तर सरासरी नाते 0.25 अधिक 0.5 भागिले नरांची संख्या. 12 नर असतील तर सुमारे 0.29. जनुकीय प्रयोगात म्हणूनच एकाच नराच्या वीर्याने कृत्रिम फलन केलेली राणी वापरतात. एका नराकडून जेमतेम 1 मायक्रोलिटर वीर्य मिळते आणि पूर्ण फलनाला 8 ते 10 मायक्रोलिटर लागते, त्यामुळे अशी राणी लवकर रिती होते. तिच्याकडून वर्षभराच्या प्रयोगाची अपेक्षा ठेवू नका.

7. कामकरी माशी अंडी घालू शकते का?

शकते, पण संयोग करू शकत नसल्याने तिच्या अंड्यांतून नरच होतात. राणी असलेल्या पेटीत अशी अंडी टिकत नाहीत; इतर कामकरी माश्या ती ओळखून खातात. ही ‘पोलीसगिरी’ रॅटनिक्स आणि व्हिशर यांनी 1989 मध्ये प्रयोगाने दाखवली. प्रश्न 6 मधला हिशेब लावला की कारण कळते: बाप अनेक असल्याने बहिणीच्या मुलापेक्षा भाऊ नात्याने जवळचा.

राणी आणि अळ्या दोन्ही नाहीशा होऊन तीनेक आठवडे गेले की मात्र अंडी घालणाऱ्या कामकरी माश्या तयार होतात. खुणा अशा: एका कप्प्यात अनेक अंडी, ती तळाऐवजी भिंतीला चिकटलेली, आणि कामकरी कप्प्यांवर बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर झाकणे. एका कप्प्यात दोन अंडी दिसली म्हणून घाबरू नका, नवी राणीही सुरुवातीला असे करते. तिची अंडी तळाशी असतात. अशा पेटीत सरळ नवी राणी सोडली तर बहुधा मारली जाते. दुसऱ्या पेटीतली उघड्या अळ्यांची चौकट दर आठवड्याला एक अशी दोन-तीन वेळा द्या. अळ्यांच्या गंधाने कामकरी माश्यांची अंडकोशे आक्रसतात, आणि मग त्या स्वतःच राणीची घरे सुरू करतात.

दक्षिण आफ्रिकेची केप मधमाशी हा मोठा अपवाद. तिच्या कामकरी माश्यांच्या अफलित अंड्यांतून माद्याच होतात.

8. कामे वयानुसार ठरलेली असतात का?

ढोबळमानाने होय. पहिले दोन-तीन दिवस कप्पे साफ करणे, मग बाराव्या दिवसापर्यंत अळ्यांना भरवणे, त्यानंतर मेणाचे बांधकाम, मकरंद साठवणे आणि राखण, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर बाहेरची कामे. पण हे वेळापत्रक दगडावरची रेघ नाही. सगळ्याच माश्या एका दिवसाच्या ठेवून वसाहत केली, तर काही जणी आठवड्या-दीड आठवड्यातच फुलांवर जाऊ लागतात. उलट सगळ्या दाया काढल्या, तर बाहेर जाणाऱ्यांतल्या काही परत अळ्या भरवू लागतात. जीन रॉबिन्सन यांच्या गटाने यामागचे ज्युव्हेनाइल हार्मोन उलगडले: बाहेर जाणाऱ्या माशीत ते चढते, दाईत कमी असते.

उन्हाळी कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. थंड प्रदेशात हिवाळा काढणारी सहा महिनेही जगते. वयावर काम करताना ऋतू नोंदवला नाही तर आकडे निरर्थक ठरतात.

9. काचेच्या पेटीत नाच दिसतो, पण तो वाचायचा कसा?

फुले कोणत्या दिशेला आणि किती लांब आहेत, हे परतलेली माशी पोळ्यावर नाचून इतरांना सांगते. कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलेली ही भाषा. 1973 चे नोबेल त्यांना लॉरेन्झ आणि टिनबर्गेन यांच्यासोबत मिळाले. माशी इंग्रजी आठच्या आकारात फिरते. मधल्या सरळ धावेत ती पोट हलवत जाते. माहिती त्या धावेत असते.

पेटीच्या काचेवर ओळंबा सोडा, म्हणजे चित्रफितीत खरी उभी रेषा मिळेल. सेकंदाला 50 तरी चौकटी टिपणारा कॅमेरा काचेला समांतर लावा आणि घड्याळाची वेळ नोंदवा. प्रत्येक नाचातल्या किमान चार धावा मोजा. पहिली आणि शेवटची सोडून द्या, त्या विस्कळीत असतात. धावेचा उभ्या रेषेशी असलेला कोन घ्या. ‘सरळ वर’ म्हणजे सूर्याच्या दिशेला. त्या क्षणीचा सूर्याचा दिगंश (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) पंचांगावरून किंवा गणिताने काढून त्यात कोन मिळवा. उदाहरणार्थ, धाव उभ्या रेषेच्या उजवीकडे 40 अंश आणि दिगंश 120 अंश, तर फुले 160 अंशांना, म्हणजे साधारण दक्षिण-आग्नेयेला. धाव डावीकडे असती तर 120 मधून 40 वजा.

अंतर धावेच्या कालावधीवरून: 1 सेकंद म्हणजे ढोबळ 1 किलोमीटर. हा आकडा प्रत्येक जागी थोडा बदलतो, का ते प्रश्न 10 मध्ये. स्वतःचे माप बसवायचे असेल तर 200, 400, 800 मीटरवर साखरपाण्याच्या बश्या ठेवून खुणा केलेल्या माश्यांचे नाच मोजा.

सगळ्यात जास्त चुका उजेडाने होतात. काचेवर थेट ऊन किंवा आकाशाचा तुकडा दिसत असेल, तर माश्या गुरुत्वाकर्षण सोडून त्या उजेडाप्रमाणे नाच फिरवतात आणि तुमचे सगळे कोन वाया जातात. लाल प्रकाश वापरा; तो त्यांना जवळजवळ दिसत नाही. उष्ण कटिबंधात सूर्य अगदी माथ्यावर आला की नाच गोंधळतात, तेवढा वेळ नोंदी घेऊ नका. जवळच्या फुलांसाठीचा गोल नाच दिशेसाठी मोजत बसण्यात अर्थ नाही.

10. माशी अंतर कशाने मोजते? आणि बाकीच्यांना नाच खरेच समजतो का?

अंतर मोजते डोळ्यांनी. उडताना दोन्ही बाजूंचे दृश्य किती सरकले, याची ती बेरीज ठेवते. मंड्यम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये माश्यांना नक्षीदार भिंतींच्या सुमारे 6 मीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून नेले. भिंती जवळ असल्याने दृश्य भराभर सरकले, आणि घरी येऊन माश्यांनी जवळजवळ 200 मीटरचा नाच केला. म्हणूनच उघड्या पाण्यावरून आणि झाडीतून जाताना तेच अंतर वेगळे ‘वाटते’.

समजतो का, यावर 1967 पासून एड्रियन वेनर यांनी जोरदार शंका घेतली: माश्या फक्त फुलांच्या वासाने पोचत असतील तर? शंका रास्त होती आणि तिने प्रयोग सुधारले. 2005 मध्ये रायली आणि सहकाऱ्यांनी नाच पाहिलेल्या माश्यांच्या पाठीवर रडार-अँटेना बसवून त्यांना नेहमीच्या जागेवरून हलवून सोडले. त्या नाचात सांगितलेल्याच दिशेने आणि अंतराने गेल्या, म्हणजे हलवल्यामुळे चुकीच्या जागी पोचल्या. वास त्यांना तिकडे ओढत नव्हता. शेवटचे काही मीटर मात्र वासाचेच.

नाच पूर्ण जन्मजातही नाही. 2023 मधल्या एका प्रयोगात, आधी कुणाचाच नाच पाहायला न मिळालेल्या माश्यांचे पहिले नाच विस्कळीत होते. दिशा सरावाने सुधारली, अंतराची चूक जन्मभर राहिली.

11. सगळ्या जातींचा नाच सारखाच असतो का?

नाही. फुलोरी उघड्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर आडवी नाचते, त्यामुळे धाव थेट फुलांच्या दिशेलाच असते. ओळंबा, बेरीज-वजाबाकी काही नको. आग्या उभ्या पोळ्यावर पण उघड्यावर नाचते. सातेरीचा नाच मेलिफेराच्याच धर्तीचा, पण तेवढ्याच अंतराला तिची धाव जास्त वेळ चालते. मेलिफेराचे माप तिला लावू नका.

12. पेटी न रिकामी करता माश्या मोजायच्या कशा?

चौकटीच्या प्रत्येक बाजूवर मनाने 10 × 10 सेंटिमीटरचे चौकोन पाडा. माश्यांनी पूर्ण झाकलेल्या अशा एका चौकोनावर सुमारे 130 माश्या असतात, आणि एका चौकोनात सुमारे 400 कामकरी कप्पे. लँगस्ट्रॉथ या प्रचलित प्रकारच्या पेटीतल्या खोल चौकटीची एक बाजू म्हणजे असे आठ-नऊ चौकोन. अंदाज सकाळी लवकर, माश्या बाहेर पडण्याआधी घ्या. दुपारी मोजलेत तर बाहेर गेलेल्या सगळ्या सुटतील.

बंद कप्प्यांच्या संख्येला 12 ने भागले की राणी दिवसाला सरासरी किती अंडी घालत होती याचा हिशेब मिळतो. दोन मोजण्यांमध्ये 21 दिवस ठेवले तर एक पूर्ण पिढी मधे जाते. अंदाज घेणारी व्यक्ती बदलू नका; दोघांच्या डोळ्यांतला फरक पुष्कळदा दोन पेट्यांतल्या फरकापेक्षा मोठा असतो.

13. नेमक्या वयाच्या माश्या कशा मिळवायच्या आणि त्यांना खूण कशी करायची?

बाहेर पडायच्या बेतातल्या बंद कप्प्यांची चौकट जाळीच्या डब्यात घालून 34 ते 35 अंश आणि 60 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेच्या उबवणयंत्रात ठेवा. 24 तासांत बाहेर आलेल्या माश्या एका वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांना डंख मारता येत नाही आणि उडता येत नाही, तेव्हाच पाठीवर, वक्षाच्या मधोमध, रंगाचा ठिपका किंवा क्रमांकाची चकती लावा. रंग मानेच्या सांध्यात किंवा पंखांच्या मुळाशी गेला की माशी गेली. रंग सुकेपर्यंत पेटीत सोडू नका, बहिणी चाटून काढतात. तपमान 32 च्या खाली गेले तर पंख वाकडे निघतात आणि पुढचा प्रयोग त्या दिवशीच बिघडतो.

14. एका पेटीतल्या 300 माश्यांवर प्रयोग केला. नमुना 300 चा धरायचा ना?

नाही, 1 चा. त्या सगळ्या एका राणीच्या मुली, एकच अन्न, एकच रोग, एकच गंध. औषध दिलेली एक पेटी आणि न दिलेली एक पेटी यांतला फरक औषधाचा की त्या पेटीचा, हे 3,000 माश्या मोजूनही कळणार नाही. परत पाठवल्या जाणाऱ्या शोधनिबंधांत ही चूक सारखी दिसते. पेट्यांची संख्या वाढवा आणि विश्लेषणात पेटी हा स्वतंत्र घटक ठेवा.

शिवाय माश्या चुकून शेजारच्या पेटीत शिरतात. एका रांगेत, एकाच रंगाच्या पेट्या ठेवल्या तर टोकाच्या पेट्या फुगतात. दारांची तोंडे वेगळ्या दिशांना करा आणि निळा, पिवळा, पांढरा असे रंग द्या. लाल आणि काळा त्यांना वेगळे दिसत नाहीत.

15. माशीला वास ‘शिकवण्याचा’ प्रयोग फसतो. कुठे चुकत असेल?

माशी बर्फावर फक्त हालचाल थांबेपर्यंत ठेवा, मग नळीत बसवून मानेमागे चिकटपट्टी लावा. मिशा आणि सोंड मोकळ्या. थोडे साखरपाणी देऊन तास-दोन तास उपाशी ठेवा. मिशीला 50 टक्के साखरपाणी लावून जी सोंड काढत नाही ती बाजूला काढा. मग 4 सेकंद वास, त्यातल्या शेवटच्या सेकंदापासून 3 सेकंद साखर, दोन फेऱ्यांत 10 मिनिटे अंतर. तीन-चार फेऱ्यांत बहुतेक माश्या नुसत्या वासाला सोंड काढतात.

फसण्याची नेहमीची कारणे: मागे वास ओढणारा पंखा नाही, त्यामुळे आधीचा वास रेंगाळतो, माशी पोटभर खाल्लेली, किंवा जागेवर ठेवताक्षणी वास सोडला, मग ती हलवण्यालाच संकेत समजते. 15-20 सेकंद थांबा. साध्या पाण्यालाही सोंड काढत असेल तर ती तहानलेली आहे.

16. थव्याला नवे घर कोण निवडून देते?

शोधक माश्या, दहा हजारांच्या थव्यात काही शेच. 1949 मध्ये मार्टिन लिंडाउअर यांना थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने आणि विटेच्या भुकटीने माखलेल्या दिसल्या. त्या मकरंद आणत नव्हत्या, घरे पाहून येत होत्या. टॉमस सीली यांनी पुढे मोजले, की साधारण 40 लिटरची पोकळी, उंचावर आणि लहान दार असलेली, सर्वांत पसंत पडते. चांगल्या जागेसाठी नाच लांबतो, वाईटासाठी लवकर विझतो. शिवाय विरोधी जागेच्या नाचणाऱ्यांना शोधक माश्या डोक्याने ढुशी मारून गप्प करतात. एकमताची वाट पाहिली जात नाही: एखाद्या जागेवर एका वेळी 20-30 शोधक जमल्या की त्या परत येऊन थव्याला पंखांचे स्नायू तापवायला लावतात. राणीचा यात काहीच वाटा नाही.

17. डंख मारल्यावर माशी मरतेच का?

कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. सस्तन प्राण्याच्या कातडीत ती अडकते आणि विषाच्या पिशवीसह तुटते. दुसऱ्या कीटकाला मारला तर बहुधा सुटून येते. राणीचे काटे बारीक असतात, ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते, पण मारते ते दुसऱ्या राणीला. नराला नांगीच नाही.

तुटलेली नांगी विष ढकलत राहते, म्हणून खरवडायची की चिमटीने काढायची यात वेळ घालवू नका, हाताला येईल तशी लगेच काढा. त्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो धोक्याचा इशारा आहे आणि बाकीच्या माश्या तिथेच येतात. त्यावर धूर द्या आणि हातमोजा बदला. श्वास अडखळला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली तर पेटी तशीच सोडून तातडीने दवाखाना गाठा.